आपल्याच सरकारचा राजीनामा मागणारा माणूस

२३ मार्च म्हटलं की आपल्याला भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव आठवतात. १९३१ साली याच दिवशी लाहोरच्या तुरुंगात तिघांना फाशी झाली. त्याच्या बरोबर २१ वर्षं आधी, २३ मार्च १९१० ला, उत्तर प्रदेशातल्या अकबरपूर या गावी एक मुलगा जन्मला होता. पुढे तो मोठा नेता झाला, पण भगतसिंगांच्या फाशीनंतर त्याने आपला वाढदिवस कधी साजरा करू दिला नाही. त्याचं नाव राममनोहर लोहिया.

मित्रांनो, हॉस्टेलवर रात्री दोन वाजता राजकारणावरच्या गप्पा रंगतात, तेव्हा त्यांचा शेवट ठरलेला असतो. हा पक्ष घ्या, तो पक्ष घ्या, सत्ता मिळाली की सगळे सारखेच, असं कुणीतरी म्हणतं, सगळे मान डोलावतात आणि चहा प्यायला टपरीवर जातात. आपण जे म्हणून सोडून देतो, त्याच्याशी एका माणसाने आयुष्यभर भांडण केलं. तेही विरोधी पक्षाशी नाही, तर स्वतःच्या पक्षाशी. म्हणून लोहियांची ही गोष्ट.

लोहिया दोन-अडीच वर्षांचे असतानाच आई गेली. वडील हिरालाल शिक्षक आणि पक्के गांधीवादी. त्यांच्याबरोबर लोहिया मुंबईला आले आणि इथूनच मॅट्रिक झाले. पुढे बनारसला इंटर, कलकत्त्याला बी.ए. आणि १९२९ मध्ये थेट बर्लिन. त्या काळात परदेशी शिकायला जाणारे बहुतेक जण इंग्लंडला जात. लोहियांनी मुद्दाम जर्मनी निवडली. सांगतात की तिथल्या प्राध्यापकांना इंग्रजी येत नव्हतं, तेव्हा हे साहेब तीन महिन्यांनी येतो म्हणून गेले आणि जर्मन शिकूनच परत आले. आपल्याला एका सेमिस्टरमध्ये एक प्रोग्रॅमिंग लँग्वेज नीट येत नाही, असो! डॉक्टरेटसाठी विषय घेतला तो हिंदुस्थानातल्या मिठावरच्या कराचा. इकडे गांधीजी दांडीला मीठ उचलत होते आणि तिकडे हा विशीतला मुलगा त्याच मिठाचा अर्थशास्त्रीय हिशेब मांडत होता.

१९३३ मध्ये डॉक्टर होऊन परतले तेव्हा हिटलर सत्तेवर आलेला होता. १९३४ मध्ये काँग्रेसच्या आतच काँग्रेस समाजवादी पक्ष स्थापन झाला. जयप्रकाश नारायण, आचार्य नरेंद्र देव, अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी, युसुफ मेहेरअली यांच्याबरोबर लोहियाही त्यात होते. १९३६ मध्ये नेहरूंनी त्यांना काँग्रेसच्या परराष्ट्र विभागाचं काम दिलं. तेव्हा वय २६!

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९३७ मध्ये प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळं आली. कालपर्यंत ज्या पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या तेच पोलीस आता आपल्या मंत्र्यांच्या हुकमावर चालू लागले. मुंबईत औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ ला कामगारांचा मोठा संप झाला, त्यात गोळीबारही झाला. सत्तेत गेल्यावर माणसं कशी बोलू लागतात, याचं पहिलं दर्शन या तरुण समाजवाद्यांना तेव्हाच झालं. ही आपली माणसं की सरकारची माणसं, हा प्रश्न पुढे लोहियांच्या डोक्यातून गेला नाही.

१९४२ च्या चळवळीत ते भूमिगत झाले. मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी चालवलेल्या गुप्त काँग्रेस रेडिओशी त्यांचा जवळचा संबंध होता. मे १९४४ मध्ये मुंबईत पकडले गेले आणि त्यांना लाहोरच्या किल्ल्यात नेलं. तिथे दिवस-रात्र झोपू न देणं वगैरे छळ झाला. १९४६ च्या एप्रिलमध्ये सुटका झाली तेव्हा तब्येत पार ढासळली होती. म्हणून विश्रांतीसाठी ते मित्र डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्याकडे गोव्यात असोळण्याला गेले.

विश्रांती कसली! गोव्यात सभा घ्यायलाही पोर्तुगीज सरकारची परवानगी लागते हे कळल्यावर त्यांनी १८ जून १९४६ ला मडगावात जाहीर सभा ठेवली. धो-धो पाऊस, बंदूकधारी पोलीस. पिस्तूल काढून समोर आलेल्या पोर्तुगीज अधिकाऱ्याचा हात त्यांनी शांतपणे बाजूला केला आणि बोलायला सुरुवात केली. लगेच अटक झाली. पण गोव्यात आजही १८ जून हा क्रांतिदिन म्हणून पाळतात आणि मडगावचं ते मैदान लोहिया मैदान म्हणून ओळखलं जातं. आपल्या वर्गातले निम्मे जण गोवा ट्रिपला जाऊन आलेत, त्यातल्या किती जणांनी ते बघितलं, हा वेगळा प्रश्न!

स्वातंत्र्य मिळालं. १९४८ मध्ये नाशिकच्या अधिवेशनात समाजवाद्यांनी काँग्रेस सोडली. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत त्यांना मोठ्या आशा होत्या, पण लोकसभेत जागा मिळाल्या फक्त १२. त्याच वर्षी कृपलानींच्या पक्षाबरोबर विलीन होऊन प्रजा समाजवादी पक्ष, म्हणजेच प्रसप, तयार झाला. लोहिया त्याचे सरचिटणीस होते. आणि इथून आपली खरी गोष्ट सुरू होते.

१९५४ च्या सुरुवातीला त्रावणकोर-कोचीन राज्यात (आजच्या केरळचा मोठा भाग) निवडणूक झाली. ११७ जागांपैकी काँग्रेसला ४५, प्रसपला फक्त १९. गंमत अशी की प्रसपने निवडणूक डाव्या पक्षांशी समझोता करून काँग्रेसविरुद्ध लढवली होती. पण निकालानंतर काँग्रेसने बाहेरून पाठिंबा दिला आणि १९ आमदारांच्या पक्षाचे पट्टम थाणु पिल्लै मुख्यमंत्री झाले. देशातलं पहिलं समाजवादी सरकार! कार्यकर्त्यांना केवढा आनंद झाला असेल.

या राज्याच्या दक्षिण टोकाला तमिळ बोलणारे तालुके होते. आम्हाला मद्रास राज्यात घाला, ही तिथल्या लोकांची मागणी होती. आपल्याकडे संयुक्त महाराष्ट्राची होती तशीच. ११ ऑगस्ट १९५४ ला तिथे आंदोलन पेटलं. मार्तांडम आणि पुदुक्कडै या ठिकाणी पोलिसांनी जमावावर गोळ्या झाडल्या आणि माणसं मेली. सरकार कुणाचं? समाजवाद्यांचं.

ही बातमी लोहियांना कळली तेव्हा ते स्वतः तुरुंगात होते. उत्तर प्रदेशातल्या काँग्रेस सरकारने कालव्याच्या पाण्याची पट्टी वाढवली होती. ती भरू नका, असं शेतकऱ्यांना सांगितलं म्हणून जुलै १९५४ मध्ये त्यांना फर्रुखाबादला अटक झाली होती. आणि कायदा कोणता लावला होता? १९३२ चा. इंग्रजांच्या काळात, काँग्रेसच्याच करबंदी चळवळी मोडण्यासाठी केलेला! ज्यांच्याविरुद्ध तो कायदा बनला होता, त्यांनीच सत्तेत आल्यावर तो दुसऱ्यावर वापरला. (पुढे १९६० मध्ये सुप्रीम कोर्टाने या कायद्यातलं ते कलम घटनाबाह्य ठरवलं. ती केस आजही लॉ कॉलेजच्या मुलांना शिकवतात.)

म्हणजे परिस्थिती बघा. उत्तरेत काँग्रेस सरकार समाजवाद्यांना तुरुंगात टाकतंय आणि दक्षिणेत समाजवादी सरकार लोकांवर गोळ्या झाडतंय. लोहियांनी तुरुंगातून तार केली. सरचिटणीस या नात्याने त्यांनी आपल्याच मुख्यमंत्र्याला सांगितलं की मंत्रिमंडळाने राजीनामा द्यावा आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी व्हावी.

त्यांचं म्हणणं साधं होतं. स्वातंत्र्यानंतर काँग्रेस सरकारांनी जिथे जिथे गोळीबार केला तिथे तिथे आपण निषेध केला, राजीनामे मागितले. मग आता आपल्या सरकारने गोळीबार केल्यावर वेगळा नियम कसा? निःशस्त्र लोकांवर गोळी चालवायची नाही, हे समाजवादी सरकार आणि इतर सरकार यांच्यातलं अंतर आहे. ते पुसलं तर मग दुसरा पक्ष काढायची गरजच काय? आधी खुर्ची सोडा, मग चौकशी होऊ द्या. चौकशीत निर्दोष ठरलात तर परत या.

आता दुसरी बाजूही ऐकली पाहिजे, कारण ती अगदीच टाकाऊ नव्हती. पक्षातले बाकीचे नेते काही लोभी नव्हते. कृपलानी, अशोक मेहता ही सगळी तुरुंगवास भोगलेली, त्यागी माणसं. त्यांचं म्हणणं होतं की सरकार चालवायचं म्हणजे कायदा-सुव्यवस्था राखावी लागते. जमाव हिंसक झाला तर पोलिसांनी काय करायचं? प्रत्येक गोळीबारानंतर सरकार पडणार असेल, तर ज्याला सरकार पाडायचंय तो गोळीबार घडवून आणेल. शिवाय इतक्या वर्षांनी एका राज्यात आपलं सरकार आलंय, ते आपणच पाडायचं? लोकांना दाखवायला एक तरी उदाहरण नको का?

खरं सांगायचं तर मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही हीच बाजू पटली होती. प्रॅक्टिकल वाटते ना? पण मग लक्षात येतं की हाच युक्तिवाद जगातला प्रत्येक सत्ताधारी पक्ष करतो. काँग्रेस सरकारंही १९४७ पासून हेच सांगत होती आणि तेव्हा समाजवाद्यांना ते पटत नव्हतं. मग बदललं काय? फक्त टेबलाची बाजू. बाहेर असताना जो मुद्दा तत्त्वाचा वाटतो, तोच आत गेल्यावर पोरकटपणा वाटू लागतो. आणि हे वाईट माणसांचंच होतं असं नाही, चांगल्या माणसांचंही होतं. मला तरी या गोष्टीतली सगळ्यात अस्वस्थ करणारी बाब हीच वाटते.

पट्टम यांनी राजीनामा दिला नाही. पक्षाच्या कार्यकारिणीत बहुमत लोहियांच्या विरुद्ध गेलं. लोहियांनी सरचिटणीसपद सोडलं. नोव्हेंबर १९५४ मध्ये नागपूरला पक्षाचं अधिवेशन भरलं, तिथे पुन्हा या प्रश्नावर घमासान झालं. तिथेही लोहियांची बाजू हरली. थोडक्यात काय, तर सरकार वाचलं.

किती दिवस? तीनच महिने! फेब्रुवारी १९५५ मध्ये काँग्रेसने पाठिंबा काढून घेतला आणि पट्टम यांचं सरकार पडलं. ज्या खुर्चीसाठी तत्त्व बाजूला ठेवलं ती खुर्चीही राहिली नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला ते तमिळ तालुके मद्रास राज्यात गेले, आजचा कन्याकुमारी जिल्हा तोच. म्हणजे ज्या मागणीसाठी माणसं मेली ती मागणी सव्वादोन वर्षांत मान्य झाली. आणि पट्टम? ते १९६० मध्ये काँग्रेसबरोबरच्या आघाडीत केरळचे मुख्यमंत्री झाले आणि १९६२ मध्ये पंजाबचे राज्यपाल म्हणून गेले.

इकडे पक्षात फूट पडली. मुंबईत मधू लिमयांना निलंबित केलं गेलं, लोहियांवरही कारवाई झाली. १९५५ संपता संपता हैदराबादला लोहियांनी वेगळा समाजवादी पक्ष काढला. एका तारेची ही किंमत. चळवळीचे दोन तुकडे झाले, ते पुन्हा कधी नीट जुळले नाहीत. लोहियांनी पक्ष फोडला असा आरोप अनेकांनी केला आणि त्यात थोडं तथ्यही आहे. त्यांची जीभ तिखट होती, सहकाऱ्यांना सांभाळून घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पटलं नाही की तोडलं, असा खाक्या. पण त्या तारेतला मुद्दा चूक होता असं म्हणणं कठीण आहे.

१९६२ मध्ये ते फुलपूरला खुद्द नेहरूंविरुद्ध उभे राहिले आणि हरले. १९६३ मध्ये पोटनिवडणुकीत फर्रुखाबादहून निवडून आले. (जिथे अटक झाली होती तिथूनच!) लोकसभेत गेल्यावर त्यांनी जो वाद घातला तो आपल्या इंजिनिअरिंगच्या मुलांनी जरूर वाचावा, कारण तो सगळा आकडेमोडीचा आहे. देशातले २७ कोटी लोक दिवसाला तीन आण्यांवर जगतात आणि पंतप्रधानांवर रोजचा खर्च २५ हजार रुपये होतो, असा त्यांचा हिशेब होता. सरकारकडून उत्तर आलं की तीन नाही, पंधरा आणे. लोहियांचा मुद्दा होता की सरासरी काढताना तुम्ही श्रीमंतांचं उत्पन्न गरिबांच्या डोक्यावर वाटून टाकता. वर्गात एकाला शंभर आणि नऊ जणांना शून्य पडले तर सरासरी दहा येते, पण दहा मार्क कुणालाच पडलेले नसतात! मिठाच्या करावर प्रबंध लिहिणारा विद्यार्थी तीस वर्षांनीही तसाच हिशेब मांडत होता.

पण एकट्याने हिशेब मांडून सत्ता बदलत नाही. काँग्रेसला निम्म्याहून कमी मतं पडतात, तरी विरोधक फुटलेले असल्यामुळे तीच जिंकते, हे त्यांनी ओळखलं. म्हणून सगळ्या विरोधकांनी एकत्र यावं, हा बिगर-काँग्रेसवादाचा विचार त्यांनी मांडला. तव्यावरची भाकरी उलटली नाही तर करपते, तसं सरकार उलटत राहिलं पाहिजे, असं ते समजावून सांगत. त्यासाठी जनसंघ आणि कम्युनिस्ट अशा दोन टोकांच्या पक्षांना एका मांडवात आणायची त्यांची तयारी होती. यावर तेव्हाही टीका झाली. समाजवाद्यांपैकीच अनेकांना हे मान्य नव्हतं.

१९६७ मध्ये भाकरी उलटली. बिहार, उत्तर प्रदेश, पंजाब, बंगाल अशा एकामागून एक राज्यांत बिगर-काँग्रेस सरकारं आली. लोहियांचा संयुक्त समाजवादी पक्ष बिहारच्या आघाडीत सगळ्यात मोठा होता. लोहियांनी विजयाचे हार घालून घ्यायच्या ऐवजी लगेच घड्याळ लावलं. सहा महिन्यांत असं काहीतरी करून दाखवा की लोकांना फरक दिसेल. न परवडणाऱ्या छोट्या शेतीवरचा सारा रद्द करा, सरकारी कामातलं इंग्रजी हटवा, मागासांना आणि स्त्रियांना जागा द्या.

काही झालंही. बिहारमध्ये उपमुख्यमंत्री कर्पूरी ठाकूर यांनी मॅट्रिकला इंग्रजीत पास होण्याची सक्ती काढली. खेड्यातल्या मुलांना त्याचा फायदा झाला, शहरातल्यांनी टिंगल केली. पण बाकी बरंचसं मंत्रिपदांच्या भांडणात अडकलं. उत्तर प्रदेशात शेतसाऱ्यावरून आघाडीत कुरबुरी सुरू झाल्या. आणि बिहारमध्ये तर घरातच घडलं. बी. पी. मंडल हे लोहियांच्या पक्षाचे निवडून आलेले खासदार. त्यांनी पाटण्याला जाऊन राज्यातलं मंत्रिपद घेतलं. लोकांनी ज्याला लोकसभेत पाठवलं त्याने लोकसभेतच बसावं, असं लोहियांनी ठणकावलं. तेरा वर्षांपूर्वीचा तोच प्रश्न पुन्हा समोर होता. दुसऱ्यांना लावतो तो नियम आपल्या माणसाला लावायचा की नाही?

मंडल यांनी मंत्रिपद सोडलं, पण त्याबरोबर पक्षही सोडला आणि वेगळा शोषित दल काढला. जानेवारी १९६८ मध्ये बिहारचं ते सरकार पडलं. १ फेब्रुवारी १९६८ ला मंडल स्वतः मुख्यमंत्री झाले, तेही काँग्रेसच्या पाठिंब्यावर! दोन महिन्यांच्या आत तेही सरकार गेलं. हेच ते मंडल, ज्यांच्या नावाचा आयोग पुढे देशभर गाजला. माणसाचा हिशेब एका ओळीत संपत नाही, हेही इथे कळतं.

हे सगळं बघायला लोहिया नव्हते. ३० सप्टेंबर १९६७ ला दिल्लीच्या विलिंग्डन हॉस्पिटलमध्ये त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली, नंतर इन्फेक्शन झालं आणि १२ ऑक्टोबरला ते गेले. वय अवघं ५७. लग्न केलं नव्हतं, मागे घर नाही की इस्टेट नाही. पुढे त्या हॉस्पिटललाच त्यांचं नाव देण्यात आलं.

त्यांच्यानंतर त्यांचं नाव घेणारे अनेक पक्ष झाले, काही सत्तेतही आले. त्यांच्या कार्यालयांत लोहियांचा फोटो असतो. त्या पक्षांच्या सरकारांच्या काळात पोलिसांची गोळी सुटली नाही असं नाही. पण १९५४ सारखी तार पुन्हा कुणी पाठवल्याचं मी वाचलेलं नाही.

आता शेवटी आपल्याकडे येऊ. मेसच्या जेवणावरून दर वर्षी आरडाओरडा होतो, मग आपल्यातलाच कुणीतरी मेस सेक्रेटरी होतो आणि दोन महिन्यांत आपल्याला समजावू लागतो की या पैशात यापेक्षा चांगली भाजी येत नाही. आपण त्याला शिव्या देतो. पण तो आपला रूम पार्टनर असेल तर? तेव्हा आपण गप्प बसतो, कारण त्याच्यामुळे आपल्याला एक्स्ट्रा वाटी मिळते! मीही बसलोय. लोहियांची तार वाचल्यावर मला नेत्यांची नाही, त्या एक्स्ट्रा वाटीची लाज वाटली. पुढच्या वेळी रात्री दोन वाजता कुणी म्हणालं की सत्ता मिळाली की सगळे सारखेच, तर आधी त्यालाच विचारा, आणि स्वतःलाही, की आपला माणूस चुकला तेव्हा आपण काय केलं?